कुडाच्या खोपीतल्या दोन सायकली

शेठजींच्या दोन मुलांसाठी मुंबईहून सायकली आल्या, त्या वर्षी मी त्यांच्या नेरळच्या बागेवर कारकून होतो. वय तेवीस-चोवीस. गाव माझं खालापूरकडचं. सहावीपर्यंत शिकलो होतो, अक्षर बरं होतं, आणि कुणीतरी शेठजींच्या कानावर घातलं होतं की पोरगा इमानी आहे. त्या एका शब्दावर मला नोकरी मिळाली. तो शब्द मी फार जपत असे.

बाग शेलूच्या वाटेवर होती. आंबे, चिकू, मोगऱ्याचे वाफे आणि मधोमध कौलारू बंगला. शेठजींचं कुटुंब वर्षातून दोनदा यायचं, नाताळात आणि मे महिन्यात. माथेरानला तेव्हा आगगाडी जात नव्हती; घोड्यावरून नाहीतर डोलीतून चढायचं. बाकीचे दहा महिने बंगल्याला टाळं, आणि मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको.

त्या नाताळात मुलांनी सायकलींवरून नुसता धुमाकूळ घातला. नेरळात तोवर कुणाच्या घरी सायकल नव्हती. फाटकाशी माणसं उभी राहून बघायची. निघायच्या दिवशी शेठजी मला म्हणाले, "या इथेच राहू देत. मे महिन्यात पोरांना लागतील. नीट सांभाळ. काही झालं तर मी तुलाच विचारणार."

शेठाणीबाईंना तेलकट चाकं बंगल्यात नको होती. आमच्या खोल्यांत दोन माणसं जेमतेम मावायची. म्हणून सायकली गेल्या बागेच्या कोपऱ्यात, अवजारांच्या खोपीत. खोप म्हणजे चार सागाचे खांब, वर कौलं, आणि कारवीच्या काड्या बांधून शेणमातीनं लिंपलेला कूड. दार मात्र दणकट होतं. जुन्या तबेल्याचं सागवानी दार शेठजींनी तिथं बसवून घेतलं होतं. त्यामुळे खोपीकडे बघितलं की नजर दारावरच जायची. माझीही तिथंच गेली.

शेठजी जाऊन चार दिवस झाले असतील. सायकली पुसताना माझ्या लक्षात आलं की धाकट्याच्या सायकलीची घंटी नाही. स्क्रूची जागा तेवढी मोकळी. मी खोपीतली जमीन चाचपली, पोती झटकली, घमेली उलटी केली. घंटी नव्हती.

तिथून सगळं सुरू झालं. त्या दिवसापासून बागेत येणारा प्रत्येक माणूस मला वेगळा दिसायला लागला. पाणी घालायला येणारे दोघे गावकरी, दूध घालणारी म्हातारी, आणि दर तिसऱ्या दिवशी डोंगराच्या उतारावरच्या वाडीतून लाकूडफाटा घेऊन येणारा ठाकर. यातल्या कुणी काही केलं होतं असं नाही. पण कोण कुठल्या वाटेनं आला, जाताना कंबरेशी काही बांधलेलं होतं का, हे मी बघायला लागलो.

ठाकरावर माझी नजर जास्त होती, त्याला कारण गवताच्या वखारीचे मालक.

त्या काळी नेरळचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. स्टेशनजवळ वखारी होत्या. तिथं लोखंडी दाबयंत्रात गवत दाबून गासड्या बांधायचे आणि मालधक्क्यावरून आगगाडीच्या डब्यात भरायचे. हे वखारवाले मूळचे कल्याणकडचे, वयानं माझ्यापेक्षा मोठे, बोलायला गोड. संध्याकाळी फिरत फिरत आमच्या ओटीवर यायचे, चहा घ्यायचे, पान खायचे. आपल्यासारख्या कारकुनाशी एवढा मोठा माणूस बरोबरीनं बोलतो याचं मला अप्रूप होतं. घंटीची गोष्ट मी पहिल्यांदा त्यांनाच सांगितली.

"कोण येतं बागेत?" त्यांनी विचारलं.

मी सगळ्यांची नावं घेतली. ठाकराचं नाव येताच त्यांनी मान हलवली. "झालं तर मग. अहो कारकून, डोंगरातला माणूस तो. त्याचं घर कुठं, दार कुठं. आज हाय, उद्या नाय. लक्ष ठेवा."

पुढच्या आठवड्यात त्यांनीच मुंबईहून मला विलायती कुलूप आणवून दिलं. चांगलं मुठीएवढं, पितळी. मी भारावून गेलो. त्यांना खोपीत नेऊन सगळा बंदोबस्त दाखवला. दोन्ही सायकलींच्या पुढच्या चाकांतून साखळी ओवून मी ती सागाच्या खांबाला बांधली होती. बसायच्या कातडी गाद्या काढून घरात आणल्या होत्या. पायडलं काढून तांदळाच्या डब्यात पुरली होती. वखारवाल्यांनी साखळी हातात घेऊन ओढून बघितली, चाकाच्या आसावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पक्कं काम आहे तुमचं." त्या रात्री मला छान झोप लागली.

पायडलांवरून बायकोनं मात्र मला धारेवर धरलं. भात करायला डबा उघडला तर तिच्या हाताला तेलकट लोखंड लागलं. "चोर सोडा, आता आपल्यालाच तेलातला भात खायचाय," ती म्हणाली. "आणि एवढं कुणाचं भय वाटतंय तुम्हाला?"

"ते तुला नाही कळायचं," मी म्हणालो.

एवढ्यावर मी थांबलो नाही. रोज संध्याकाळी खोपीच्या उंबऱ्यात चाळलेली राख पसरायचो. दाराच्या चौकटीला गुडघ्याएवढ्या उंचीवर काळा दोरा बांधायचो. सकाळी उठलो की तोंड धुवायच्या आधी राख आणि दोरा बघायला जायचो. राखेत एकदा मांजराची पावलं उमटली होती, तर मांजर कुणाचं हेसुद्धा मी शोधून काढलं.

असाच एका सकाळी मी उंबऱ्याशी वाकलो होतो, तेवढ्यात ठाकर मोळी घेऊन आला. चाळिशीचा माणूस, उन्हानं रापलेला, बोलणं कमी. ही खोप त्यानंच बांधली होती, मी नोकरीला लागायच्या आधी. त्यानं मोळी उतरवली आणि थोडा वेळ माझी धडपड बघत उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "दाराला किती बी कुलपं लावा. मागची भित कुडाची हाय. माजीच बांदलेली. दोन बंद कापलं का मानूस आत. तुमी म्हनाल तर मी मागून बांबूच्या कामट्या ठोकतो नि खाली दगूड रचतो. दोन दिसाचं काम हाय."

आज हे लिहिताना मला वाटतं, त्या बागेत तेवढा एकच माणूस शहाणपणाचं बोलत होता. पण त्या सकाळी माझ्या मनात आलं ते वेगळंच. याला कसं सुचलं? भिंत कुठून फुटते हे हा का सांगतोय? मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. हातांकडे बघितलं. कमरेच्या कोयत्याकडे बघितलं.

"बघू पुढं," मी म्हणालो. "तू लाकडं टाक आणि जा रं."

तो गेला. संध्याकाळी वखारवाले आले तेव्हा मी त्यांना हे सगळं शब्दन् शब्द सांगितलं. कूड, बंद, कामट्या, सगळं. माझा संशय कसा बरोबर निघाला हे मला दाखवायचं होतं. त्यांनी पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "बघा, स्वतःच्या तोंडानं बोलला."

मग माघ महिना आला. बायकोच्या मावसभावाचं कर्जतला लग्न होतं. मला जायचं नव्हतं. बागेत दिवसभर कुणीच नाही, हे मनाला पटत नव्हतं. त्यातून तो बाजाराचा दिवस, पाणी घालणारेही येणार नव्हते. बायको हट्टाला पेटली. वखारवाल्यांना मी सहज बोललो, तर ते म्हणाले, "जाऊन या हो. दिवसाउजेडी काय होतंय?" शेवटी गेलो. राख पसरली, दोरा बांधला, कुलूप तीनदा ओढून बघितलं आणि सकाळची गाडी धरली.

लग्नात माझं लक्ष नव्हतं. जेवून लगेच निघालो. दुपारच्या गाडीनं नेरळला उतरलो आणि बायकोला मागं टाकून जवळजवळ पळत बागेत आलो. राख जशीच्या तशी. दोरा जसाच्या तसा. कुलूप बंद. हायसं वाटलं. तरी खात्री करावी म्हणून किल्ली फिरवली आणि दार लोटलं.

आत उजेड होता. त्या खोपीत दार उघडल्याशिवाय कधी उजेड नसायचा. मागच्या कुडाचा माणूसभर तुकडा सुटून बाहेर आडवा पडला होता, आणि तिथून ऊन आत येत होतं. थोरल्याची सायकल जागेवर होती. धाकट्याची नव्हती. साखळीत तिचं पुढचं चाक तेवढं लटकत होतं. चोरानं आसाचे नट सोडवून चाक मागं ठेवलं होतं आणि बाकीची सायकल नेली होती.

बायको मागून येऊन दारात थांबली. मी म्हणालो, "बघितलंस? मी सांगत नव्हतो?"

ती आत आली, चाक हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "हे नट हातानं निघतात?"

"नाही. पाना लागतो."

"मग ठाकराकडं पाना कुठून आला?"

"चोरला असेल कुठून तरी," मी म्हणालो. माझ्याकडे सगळ्याला उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकर नेहमीसारखा मोळी घेऊन आला. चोरी करणारा माणूस दुसऱ्या दिवशी लाकडं घेऊन येईल का, असं बायको मला आत बोलावून हळूच म्हणाली. मी म्हणालो, संशय येऊ नये म्हणूनच आलाय. मी पोलीस पाटलांना बोलावणं धाडलं. पाटील आले, त्यांनी फुटलेला कूड बघितला. मी सांगितलं की यानंच पंधरा दिवसांमागं मला भिंत कशी फुटते ते सांगितलं होतं.

"सांगितलं व्हतं का रं?" पाटलांनी विचारलं.

"सांगितलं व्हतं," ठाकर म्हणाला. "बांदून देतो म्हनून सांगितलं व्हतं."

त्यातलं दुसरं वाक्य पाटलांनी कानावर घेतलं नाही, आणि मीही ते पुन्हा उच्चारलं नाही. त्याला चावडीत नेऊन बसवलं. दोन दिवस बसवून ठेवलं. वाडीवर जाऊन त्याच्या झोपडीची झडती घेतली. एक कोयता, दोन मडकी, फडक्यात बांधलेली नाचणी. सायकलीसारखी वस्तू लपवायला तिथं जागाच नव्हती. ते दोन दिवस त्याची बायको आमच्या फाटकाबाहेर बसून होती. ओरडली नाही, रडली नाही. माझ्या बायकोनं तिला भाकरी नेऊन दिली, ती तिनं घेतली नाही. तिसऱ्या दिवशी पाटलांनी त्याला सोडलं. पुरावा नव्हता. त्याच्या पाठीवर वळ होते असं मी नंतर ऐकलं. माझ्या डोळ्यांनी बघायला मी गेलो नाही.

त्यानंतर तो बागेत आला नाही. मालधक्क्यावर गवताच्या गासड्या उचलायच्या मजुरीला जायला लागला. शेठजींना पत्र लिहायला मी रोज दौत घेऊन बसायचो आणि रोज उठायचो.

पाच-सहा दिवस गेले असतील. दुपारी एक हमाल धावत बागेत आला. "कारकून, मालधक्क्यावं चला. तुमच्या ठाकरानं तंटा मांडलाय."

मी गेलो. डबा अर्धा भरलेला, हमाल काम सोडून उभे. मध्ये जमिनीवर एक गासडी. तिच्याजवळ ठाकर उभा, आणि वखारवाले त्याच्या अंगावर ओरडत होते.

"उचल म्हणतो ना!"

"नाय उचलनार. ह्यात नुसतं गवात नाय."

"तुला रे काय कळतं?"

"रोज गवातच उचलतो मी. ह्याचा भार एका अंगाला जातो. आत लोखंड हाय." मग त्यानं मला बघितलं. आवाज चढवला नाही. "आदीच माज्या नावावं चोरी घातलीया. ही गासडी माज्या पाठीवं डब्यात गेली, नि मुंबईला ह्यातनं काय निगालं, तर पुन्ना मीच. फोडा म्हनतो मी. सगल्यांसमूर फोडा."

गलका ऐकून स्टेशनातली माणसं बाहेर आली होती. वखारवाले म्हणाले, बांधलेली गासडी फोडली तर माल वाया जाईल. एवढ्या गवतात एका गासडीचं काय ते, असं कुणीतरी म्हणालं. हमालांपैकी एकानं विळा घेतला आणि बंद कापले. दाबलेलं गवत फसकन उलगडलं. आतून पहिल्यांदा दिसला तो मुठीचा दांडा, आडवा फिरवून ठेवलेला. मग मागचं चाक.

मला त्या क्षणी सायकल मिळाल्याचा आनंद झाला नाही. मला आठवला तो वखारीतला लोखंडी दाब. त्याचे नट आवळायला तिथं भिंतीवर टांगलेले पाने मी कितीतरी वेळा बघितले होते. आणि आठवलं की साखळी पुढच्या चाकांतून आहे, कूड दोन बंदांवर आहे, बाजारच्या दिवशी आम्ही कर्जतला आहोत, हे सगळं मीच त्यांना खोपीत नेऊन दाखवलं आणि ओटीवर बसून सांगितलं होतं.

वखारवाले लगेच सावरले. "माझ्या वखारीत ढीगभर माणसं राबतात. कुणी काय घातलं मला काय ठाऊक? मुकादमाला विचारा." मुकादम आदल्याच दिवशी गावाला गेला होता. तो परत आला नाही. पाटलांनी चार दिवस विचारपूस केली आणि सोडून दिली. तेव्हा खरं काय झालं, मुकादमानं परस्पर केलं की मालकानं करवलं, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. संशय आहे. पण माझ्या संशयाची किंमत काय असते हे मी नुकतंच बघितलं होतं.

पंधरा दिवसांनी वखारवाले पुन्हा संध्याकाळी ओटीवर आले, जणू काही झालंच नाही. मी उठून बसायला चटई दिली. आत चहा सांगितला. बायको चुलीपासून उठली नाही. बराच वेळ वाट बघून ते पाणी पिऊन गेले. ते जे जे बोलले त्यातला प्रत्येक शब्द मी उलटासुलटा करून बघत होतो. पाऊस लवकर येईलसं दिसतं, असं ते म्हणाले, तर मला वाटलं, हे असं का म्हणतायत? त्यानंतर ते आले नाहीत.

मे महिन्यात शेठजी आले. धाकट्यानं बंगल्यात पाऊल टाकताच आपली ट्रंक उघडली आणि त्यातून सायकलीची घंटी काढून वाजवत सुटला. नाताळात जातानाच त्यानं ती काढून मुंबईला नेली होती, शाळेतल्या मित्रांना दाखवायला. मी मोगऱ्याच्या वाफ्यापाशी उभा होतो.

शेठजींच्या कानावर स्टेशनात सगळं आलं होतं, पण अर्धवट. त्यांनी मला बोलावून पाठीवर हात ठेवला. "गासडीतून माल ओढून काढलास म्हणे. शाबास. मी म्हणत होतो, माणूस इमानी आहे."

"जी," मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो. बायको दाराआड होती. शेठजी गेल्यावर ती बाहेर आली. "त्या माणसाचं नाव काढायला काय जड होतं?" तिनं विचारलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीवर गेलो. शेठजींना मी तोवर काही सांगितलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो. वाडीवर जाणं मला त्यापेक्षा सोपं वाटलं. चढ चांगलाच होता. तो झोपडीपुढं सावलीत बसून कारवीच्या काड्या सोलत होता. त्याच्या बायकोनं मला बघितलं आणि आत गेली. त्यानं बसायला फळी पुढं केली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. वाटेत जुळवलेलं बाकीचं बोलणं आठवलं नाही.

तो काडी सोलत राहिला. मग म्हणाला, "मारलं त्याचं काय नाय. पाटलानं मारलं, त्याचं कामच हाय ते. पन दादा, त्या सकाली मी कुडाचं सांगितलं ना, तवा मला वाटलं तुमी म्हनाल, ये उद्या, ठोक कामट्या. तुमी माज्या हाताकडं बगितलंत."

मी मान खाली घातली. "बागेत परत ये. शेठजींना मी सांगतो."

"नाय. तुमच्या बागंत काय बी हरपलं तर पयलं माजंच नाव येनार. तुमी नाय घेतलं तरी मला वाटंल, आता घेतील." तो उठला, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि माझ्यापुढं ठेवला. "ऊन व्हईल. पानी पिऊन जावा."

खाली आलो आणि त्याच संध्याकाळी शेठजींना सगळं सांगितलं. घंटी, कूड, चावडी, गासडी, कुणी फोडायला लावली ते. त्यांनी ऐकून घेतलं. "पाठव त्याला काही बक्षीस," म्हणाले आणि वर्तमानपत्र उचललं. मी बायकोच्या हाती धान्य आणि लुगडं पाठवलं. ठाकराच्या बायकोनं धान्य ठेवून घेतलं, लुगडं परत केलं.

त्यानंतर सहा वर्षं मी त्या बागेवर होतो. लाकूडफाटा दुसरा एक माणूस आणायचा, भला माणूस. तो आला की मी हातातलं काम टाकून त्याच्याबरोबर खोपीपर्यंत जायचो, आणि मोळी उतरवून तो निघाला की फाटकापर्यंत त्याच्या मागोमाग चालायचो. का, ते त्याला कळत असणार. बायकोला तर कळतच होतं. ती ओटीवरून बघायची आणि आत निघून जायची. मी दर वेळी ठरवायचो की उद्या जागचं हलायचं नाही, आणि तो आला की उठायचो.